शिवकांताबाईंची मळमळ

शिवकांताबाई नवरी होऊन सास्तूरला आल्या, तेव्हा वऱ्हाडाची जीप पुढं आणि नवरा-नवरी मागनं बैलगाडीत, अशी वरात गावात शिरली. माहेरून, उमरग्याकडच्या गावातून, निघताना त्या जीपमध्येच बसल्या होत्या. पण पहिल्या तीन किलोमीटरांत त्यांनी एक उलटी नवऱ्याच्या फेट्यावर केली, दुसरी करवलीच्या ओटीत आणि तिसरी, जीप थांबवून, कडेच्या तुरीत. तेव्हा नवरदेव वीरप्पा खाली उतरले, फेटा सोडून झटकला, आणि कडबा टाकून रिकाम्या परतणाऱ्या एका गाडीवानाला हात केला. "हिला हळू न्या," म्हणाले, आणि स्वतःही गाडीत चढून बसले. सासरच्या दारात वाट बघताना ओवाळणीच्या ताटातलं निरांजन तीनदा विझलं, तीनदा पेटवलं. सासूबाईंच्या कपाळावरची आठी महिनाभर गेली नाही. पण बाई पुढं जन्मभर सांगायच्या की माणूस कसा आहे हे कळायला त्यांना ती बैलगाडीच पुरली.

चाक फिरलं की बाईंचं पोट फिरायचं. एसटी असो, जीप असो, ट्रॅक्टरची ट्रॉली असो. डिझेलचा वास तर लांबून आला तरी तोंडाला पाणी सुटायचं. लिंबू हुंगून झालं, ओवा चघळून झाला, पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं. लोहाऱ्याच्या गाडीचे कंडक्टर त्यांना तिकिटाआधी पिशवी द्यायचे. शेवटी बाईंनी गाडीचा नादच सोडला. सास्तूरच्या शाळेत नोकरी लागली, ती सायकलवर केली, पुढं स्कूटीवर. माहेर, बाजार, लग्नकार्य, सगळं त्या स्कूटीच्या टप्प्यात जे बसेल तेवढंच. टप्प्याबाहेरची लग्नं त्यांनी अक्षता पाठवून लावली. वीरप्पांची पिठाची गिरणी होती. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झालेले वीरप्पा गिऱ्हाइकाला सांगत, "आमच्या बाई इंग्रजीत लंडनपतुर जाऊन येतात, पण लातूरला जाता येत न्हाय." बायको शिक्षिका झाल्यापासून तेही तिला बाईच म्हणायचे, आणि अहोजाहो करायचे. आधी थट्टेनं. मग सवयीनं.

त्या इंग्रजीची आणि त्या उलटीची गाठ पडली लातूरला. लग्नाआधी बाई बी.एड.ला तिथं वसतिगृहात होत्या, सहा महिन्यांतून एकदा घरी जायच्या आणि जाऊन आल्या की चार दिवस अंथरुणात असायच्या. अशाच एका चार दिवसांनंतर कॉलेजच्या वाचनालयात त्यांनी उशीएवढा जाड इंग्रजी शब्दकोश काढला. आपल्याला जे होतं त्याला साहेबाच्या भाषेत काय म्हणतात ते तरी बघू, म्हणून. शब्द सापडला: नॉशिया. म्हणजे मळमळ. खाली बारीक अक्षरांत त्याचं मूळ दिलं होतं. तो ग्रीकांकडून आला होता, आणि ग्रीक भाषेत 'नाऊस' म्हणजे जहाज. समुद्रात जहाज डोलतं तेव्हा जे होतं, ते नॉशिया.

बाई पुन्हा वाचू लागल्या. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. जहाज पाहिलं नव्हतं. आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे माहेरचा पाझर तलाव, आणि तोही उन्हाळ्यात आटायचा. आणि त्यांच्या पोटात जन्मापासून एक जहाज डोलत होतं! 'नाऊस', त्या पुटपुटल्या. नाऊस, नौ, नौका, नाव, नावाडी. म्हणजे आपली नौका आणि त्यांची नॉशिया एकाच घरातल्या, हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या. बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की ग्रंथपालांनी त्यांना बाहेर काढलं. बाहेर व्हरांड्यात खांबाला धरून त्या आणखी हसल्या. आजवर त्यांच्या दुखण्याला लोक नखरे म्हणायचे. आज त्याला वंशावळ मिळाली होती.

सास्तूरला शिकवायला लागल्यावर दर वर्षी नववी-दहावीच्या वर्गात एक तास त्या शब्दाचा असायचा. पुस्तकात नसलेला. मुलं वाट बघायची. फळ्यावर बाई जहाज काढायच्या, ते नांगरासारखं दिसायचं. मग सांगायच्या की हाच शब्द लॅटिनातून फ्रान्समध्ये शिरला, तिथं कुठंतरी त्याचा अर्थ भांडण, कालवा असा झाला, आणि गोंगाटाला इंग्रज 'नॉइज' म्हणतात तो बहुतेक ह्याचाच वंशज. बहुतेक, हं. जाणकारांत वाद आहे. "म्हणून तुम्ही गोंगाट करता तेव्हा मला मळमळतं," असं बाई म्हणाल्या की वर्ग मुद्दाम बाकं वाजवायचा, आणि बाई तोंडावर पदर धरून उलटी आल्याचं नाटक करायच्या.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मात्र दोन वर्षं त्यांनी तो तास घेतला नाही. त्या पहाटे गाव पडलं. वीरप्पा आणि त्या अंगणात झोपले होते म्हणून वाचले. सासूबाई आत होत्या. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये राहताना गावातलं कोणीच स्थिर नव्हतं. माणसं तांब्यात पाणी भरून समोर ठेवायची आणि ते हलतंय का बघत बसायची. बाहेरून आलेल्या डॉक्टरांचा फॉर्म इंग्रजीत होता आणि बाई त्यांच्याजवळ बसून लोकांचं बोलणं इंग्रजीत सांगायच्या. पोटात कालवतंय. जीव वर येतुया. भुई हालती, बाई, तुमाला न्हाय हालल्यावानी वाटत? फॉर्मवर सगळ्यांसमोर एकच शब्द पडत गेला. बाई लिहीत गेल्या, शेकडो वेळा. तेव्हा त्यांना त्याचं हसू आलं नाही. अख्खं गाव त्यांच्या जहाजात बसलं होतं आणि त्यांनाच काय तो त्याचा सराव होता. ज्या बायका आधी त्यांना नखरेल म्हणायच्या, त्याच आता रात्री त्यांच्या शेजारी येऊन झोपू लागल्या.

मग नवं गाव वसलं, शाळेची नवी इमारत झाली आणि नव्या फळ्यावर जुनं नांगरासारखं जहाज परत आलं.

शाहीनची गोष्ट त्यानंतर बऱ्याच वर्षांनी घडली. शाहीन दहावीत होती. चुणचुणीत, पण जरा अबोल. त्या वर्षी बाईंनी जहाजाच्या तासाला एक नियमही शिकवला होता. ज्याला मळमळतं तो 'नॉशिएटेड', आणि ज्याच्यामुळं मळमळतं ते 'नॉशस'. म्हणजे नॉशस याचा अर्थ किळसवाणं. इंग्रजसुद्धा इथं चुकतात, असं बाईंनी अभिमानानं सांगितलं होतं. पुढच्याच आठवड्यात शाहीननं रजेचा अर्ज दिला, स्वतः इंग्रजीत लिहून, आणि त्यात लिहिलं होतं की मी नॉशस आहे, तरी रजा मिळावी.

बाईंनी अर्ज मोठ्यानं वाचला. मग त्याचं मराठी केलं.

"माननीय बाई, मी किळसवाणी आहे, तरी मला घरी सोडावं." आणि वर म्हणाल्या, "मंजूर!"

वर्ग फुटला. पोरं बाकांवर आडवी पडली. शाहीन दप्तर घेऊन मान खाली घालून निघून गेली आणि तीन आठवडे शाळेत आली नाही. बाईंना वाटलं, घरात कुणाचं लग्न असेल. त्यांच्या दृष्टीनं तो एक झकास तास झाला होता. पुढं कितीतरी वर्षं नवीन वर्गांना तो अर्ज, नाव न घेता, त्या ऐकवत राहिल्या.

गेल्या वर्षी मे अखेरीस बाई निवृत्त झाल्या. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. जूनमध्ये शाळेची घंटा वाजली की पाय आपोआप चपलेकडं जायचे. पुण्यात फार्मसी शिकणारी भावाची मुलगी आरोही तेव्हा त्यांना रोज मेसेज करायची, आत्या कंटाळतील म्हणून. एकदा तिनं लिहिलं, "आत्या, आय ॲम सो नॉशस. मेसची भेंडी."

बाईंनी लगेच उत्तर टाकलं, "तू नॉशिएटेड. नॉशस ती भेंडी."

"आत्या, तुमची डिक्शनरी कुठल्या सालातली आहे?"

आणि मागोमाग फोटो येऊ लागले. एक, दोन, तीन शब्दकोशांचे. तिन्हींत लिहिलं होतं, नॉशस म्हणजे मळमळणारा. बहुतेक लोक आता असाच वापर करतात आणि त्यात काही चूक नाही. बाईंनी चष्मा पुसला. "लोक चुकले म्हणून शब्दकोशानंही चुकायचं काय?" असं त्यांनी लिहिलं. आरोही इरेला पेटली. दोन दिवसांनी तिनं मोठ्या वाचनालयात जाऊन, शब्दांचा इतिहास देणाऱ्या जाडजूड कोशातलं पान पाठवलं.

बाई खाटेवर बसून ते वाचत होत्या. वाचता वाचता त्यांनी खाटेची कड धरली.

चारशे वर्षांपूर्वी हा शब्द इंग्रजीत पहिल्यांदा आला तेव्हा त्याचा अर्थच होता, ज्याला लगेच मळमळतं तो माणूस. किळसवाणं हा अर्थ नंतरचा. तो थोड्याच वर्षांनी आला, जागा धरून बसला, आणि त्यानं मूळ अर्थाला बाहेर काढलं. मग पंडित मंडळी त्याच्या दारावर पहारा द्यायला उभी राहिली. आणि गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत साध्या लोकांनी, कुणाला न विचारता, जुना अर्थ मागच्या दारानं पुन्हा घरात आणला. शब्द गरगर फिरून होता तिथं आला होता. मधल्या काळात हातात काठी घेऊन उभ्या होत्या सास्तूरच्या शिवकांताबाई.

गिरणी बंद करून वीरप्पा घरात आले तर बाई डोळे मिटून बसलेल्या.

"काय झालं? चक्कर? अवो, पण तुमी तर बसल्या जागी हाव!"

"अहो, शाहीन बरोबर होती," बाई म्हणाल्या.

"कोण शाहीन?"

बाईंनी सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांना हसूही येत होतं आणि हसू आलं म्हणून स्वतःचा रागही येत होता. चार शतकांची चक्कर एकदम डोक्यात गेली होती. आपल्याला अर्धं ठाऊक होतं आणि त्या अर्ध्यावर आपण एका आजारी पोरीला वर्गापुढं किळसवाणी ठरवलं.

"मग फोन करा की," वीरप्पा म्हणाले.

"फोनवर नाही. वर्गात तोंडावर बोलले, तर तोंडावरच जाऊन बोललं पाहिजे."

शाहीन आता कळंबला होती. एका दवाखान्यात नर्स, तिथंच सासर. सास्तूरपासून शंभर किलोमीटरच्या वर. वीरप्पांनी बायकोकडं पाहिलं आणि ते पिशव्या शोधायला उठले.

पिशव्या लागल्या नाहीत, त्याला कारण फारुख. फारुख शाहीनच्याच वर्गातला, इंग्रजीत तीनदा नापास झालेला, आता लोहाऱ्यात गाडी शिकवण्याचा त्याचा धंदा. पीठ न्यायला आला आणि वीरप्पांनी अडचण सांगितली. फारुखनं पिठाचा डबा खाली ठेवला.

"बाई, एक इचारू? स्कूटीवर मळमळतं का तुमाला?"

"नाही."

"आन् काकांच्या मागं बसल्यावर?"

"मळमळतं."

"मग झालं तर! चालवणाऱ्याला होत न्हाय. एका तरी डायव्हरला खिडकीतनं मान काढून ओकताना बघितलंय का तुमी? वळण कुठं येणार, ब्रेक कवा लागणार, सगळं त्याला आदीच ठाव असतं. तुमी बसू नका गाडीत. चालवा."

अठ्ठावन्न वर्षांच्या बाई त्याच्याकडं बघत राहिल्या. एवढं सोपं? एवढी वर्षं?

वीरप्पांच्या मावसभावाची एक जुनी पांढरी मोटार गोठ्यात कडब्याखाली उभी होती. कडबा काढला, मागच्या सीटवर अंड्यांवर बसलेली कोंबडी समजुतीनं हलवली, बॅटरी नवी घातली. फारुखनं शिकाऊ चालकाची लाल 'एल'ची पाटी चिकटवली. आणि एका सकाळी बाई गाडीत डाव्या बाजूनं शिरल्या, सवयीनं. फारुखनं दार उघडून त्यांना उजवीकडं आणलं.

पहिले आठ दिवस गावानं फुकट करमणूक करून घेतली. बाई क्लच सोडायच्या तेव्हा गाडी बेडकासारखी उडी मारायची. वळताना त्या हात बाहेर काढून दाखवायच्या, तोंडानं "सरका, सरका" म्हणायच्या, आणि हॉर्न वाजवल्यावर स्वतःच दचकून "सॉरी" म्हणायच्या. एका बैलाच्या मागं त्यांनी अर्धा किलोमीटर गाडी चालवली, कारण ओव्हरटेक अजून शिकवलं नव्हतं. फारुखला तर स्वर्ग हाती आला होता. "बाई, गृहपाठ केला न्हाय तुमी! काल सांगितलं ते आज इसरला!" बाई खाली मान घालून ऐकून घ्यायच्या. आणि नवव्या दिवशी माकणीच्या धरणाकडच्या रस्त्यावर तिसरा गिअर पडला, खिडकीतून वारा आत शिरला, दोन्ही बाजूंची सोयाबीनची रानं मागं पळू लागली, आणि बाईंच्या लक्षात आलं की गाडी चाळीसच्या वेगानं चालली आहे, समोर वळण आहे, आणि त्यांच्या पोटात काहीही होत नाही. काहीही.

"फारुख!" त्या ओरडल्या. "काही होत नाही!"

"समोर बघा, बाई!"

"अरे, काहीच होत नाही रे!"

त्या दिवशी त्या धरणापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. घरी आल्यावर वीरप्पांना म्हणाल्या, भूक लागलीय. गाडीतून उतरल्यावर भूक लागण्याची ती त्यांच्या आयुष्यातली पहिली वेळ.

पक्कं लायसन मिळालं, आणि दिवाळीआधीच्या एका रविवारी भल्या सकाळी बाई आणि वीरप्पा कळंबला निघाले. लोहारा गेलं, धाराशिव गेलं. येडशीच्या घाटात बाईंनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, मोठमोठ्यानं शिवशरणांची वचनं म्हणत चढवली. मागं ट्रकांची रांग लागली होती. पण पुढं चौपदरी रस्ता लागला आणि बाईंना भूल पडली. असा रस्ता त्यांनी उघड्या डोळ्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आजवर रस्ता म्हणजे गुडघ्यात घातलेली मान आणि पिशवी. आता डोंगर दिसत होते, ढाबे दिसत होते, वर पवनचक्क्या फिरत होत्या. सगळं दिसत होतं, फक्त येरमाळ्याचं वळण सोडून. ते मागं राहिलं.

"बाई, ही पाटी तेरखेडा म्हणतीया," वीरप्पा हळूच म्हणाले.

तेरखेड्यात रस्त्याकडेला फटाक्यांची दुकानं ओळीनं मांडली होती, दिवाळीची गर्दी उसळली होती. गाडी वळवायला जागा मिळेपर्यंत वीरप्पा उतरून दोन पिशव्या भरून शोभेच्या दारूची झाडं आणि फुलबाज्या घेऊन आले. "रिकाम्या हातानं माफी मागायची काय?" म्हणाले. बाईंनी त्या दारूगोळ्याच्या पिशव्या बघून गाडी ताशी तीसवर आणली आणि तशीच, मागच्या लोकांच्या शिव्या खात, येरमाळ्यापर्यंत परत नेली.

कळंबात शाहीनचं घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होतं. शाहीन नुकतीच ड्युटीवरून आली होती, अंगावर अजून पांढरा कोट. दार तिनंच उघडलं. बाईंनी रस्ताभर एक इंग्रजी वाक्य पाठ केलं होतं. ते पार उडून गेलं.

"शाहीन, तू बरोबर होतीस," त्या म्हणाल्या.

"बाई? तुम्ही? कशात बरोबर?"

"नॉशस."

शाहीनचा चेहरा क्षणभर सोळा वर्षांच्या मुलीचा झाला. ती बाजूला झाली, दोघांना आत घेतलं, पाणी दिलं. मग समोर बसली आणि शांतपणे बोलली.

"दोन वर्षं, बाई. अकरावीपर्यंत पोरं मला नॉशस म्हणून हाक मारायची. मी शिंकले तरी हसायची. आणि मला त्या दिवशी कावीळ झाली होती. डोळे पिवळे होते. तुम्ही अर्ज बघितला, माझ्याकडं बघितलंच नाही."

बाईंनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. कावीळ. तीन आठवडे. आणि त्यांना लग्न वाटलं होतं. सांगायला खूप होतं, चारशे वर्षांचं, शब्दकोशांचं, पंडितांचं. त्यातलं काहीच त्यांनी सांगितलं नाही.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "शब्दाचं चुकलं, ते एक. पण तुझ्याकडं बघितलं नाही, ते जास्त चुकलं."

शाहीननं अंगातला कोट काढून खुंटीला अडकवला. मग शाहीननं विचारलं, "पण तुम्ही आलात कशा? तुम्हाला तर गाडीत..."

"चालवत आले."

शाहीन उठून खिडकीशी गेली. गल्लीत पांढरी मोटार तिरकी उभी होती, एक चाक नालीच्या काठावर, पाटी अजून तशीच चिकटलेली. आधी शाहीनचे खांदे हलले. मग ती भिंतीला टेकली, आणि मग एवढी हसली की आतून तिची सासू हमिदाबी हातातली कणीक तशीच घेऊन बाहेर आली.

"बाई, माफी अशी नाही चालायची," डोळे पुसत शाहीन म्हणाली. "भरवर्गात बोलला होतात. भरवर्गात मागा."

तिनं फोन काढला. दहावीच्या त्यांच्या तुकडीचा ग्रुप होता. रविवार दुपार. पाहता पाहता पडदा चौकटींनी भरला. कुणी ट्रॅक्टरवर होता, कुणी पुण्यात कंपनीच्या कँटीनमध्ये, कुणी म्हैस धुवत होती, एकाच्या कडेवर रडणारं पोर. फारुख लोहाऱ्याहून ओरडला, "बाई, पोचल्या का? गाडी कुठं घासली का?" एकोणीस जण जमले. शाहीननं फोन बाईंच्या हातात दिला, आणि बाई उभ्या राहिल्या. फोनवर बोलायला उभं राहायची गरज नव्हती, पण वर्गासमोर त्या कधी बसून बोलल्या नव्हत्या.

त्यांनी सगळं सांगितलं. शब्द कसा फिरला ते. शाहीननं लिहिलेलं चारशे वर्षांपूर्वी बरोबर होतं आणि आजही बरोबर आहे ते. कावीळही सांगितली. म्हैस धुणारीनं पाणी बंद केलं. ट्रॅक्टर थांबला.

मग फारुखचा आवाज आला, अडखळत. "शाहीन, ती हाक पयल्यांदा म्याच मारली होती. माफ कर."

"ठाऊक आहे मला," शाहीन म्हणाली. "म्हणून तर तू तीनदा नापास झालास. मी दुवा मागितली होती!"

आणि मग जो कालवा उठला त्याला सीमा नव्हती. एकोणीस माणसं, एक म्हैस, एक पोर, सगळी एकदम बोलत होती, हसत होती, एकमेकांचं काही ऐकत नव्हती. बाईंनी फोन लांब धरला, पदर तोंडाला लावला आणि उलटी आल्याचं नाटक केलं. एकोणीस चौकटींत टाळ्या पडल्या.

संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, वीरप्पांनी गल्लीत तेरखेड्याची झाडं पेटवली. अंधार झाल्यावर गाडी चालवायचं बाईंना अजून शिकवलं नव्हतं, म्हणून मुक्काम करावाच लागला. रात्री जेवणावर हमिदाबी बाईंना सारखं निरखत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "बाई, सच्ची में उलटी न्हाय झाली? एवढ्या दूर?"

"एकही नाही."

हमिदाबी अकरा वर्षं कळंबच्या बाहेर पडल्या नव्हत्या. तेच दुखणं. धाराशिवला थोरली बहीण होती, तिच्या घरातली दोन लग्नं, एक बारसं, सगळं फोनवर झालं होतं. सकाळी त्या बुरखा घालून, हातात पिशवी घेऊन गाडीजवळ उभ्या. "मी येते," म्हणाल्या. "औरत चलानेवाली है, सांभाळून नेईल."

बाईंनी लाख सांगितलं की चालवणाऱ्याला होत नाही, बसणाऱ्याला होतं. हमिदाबी पुढच्या सीटवर बसल्यासुद्धा. वीरप्पा मागं गेले.

येरमाळा निभावलं. येडशीच्या घाटात तिसऱ्या वळणावर हमिदाबींनी बाईंचा दंड घट्ट धरला. बाईंनी गाडी कडेला घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या पलीकडच्या बाजूला उभ्या राहिल्या. एका हातानं हमिदाबींचं कपाळ धरलं, दुसऱ्यानं पाठ चोळली. किती जोरानं धरायचं, पाणी कधी द्यायचं, केव्हा बोलायचं नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. वीरप्पा पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन मागं उभे होते. त्यांनाही सवय होती.

दोघी दगडावर बसल्या. खाली दरीत माकडं कालवा करत होती.

"शरम वाटते," हमिदाबी म्हणाल्या. "घरचे हसतात."

"कशाची शरम?" बाई म्हणाल्या. "हे राजामहाराजांना झालंय, दर्यावरच्या सरदारांना झालंय. इंग्रजीत ह्याला जहाजाचं नाव आहे."

"जहाज?" हमिदाबींनी आपल्या पोटाकडं पाहिलं. "या अल्ला, इतनासा पेट, आणि आत जहाज?"

त्या हसायला लागल्या. हसता हसता पुन्हा मळमळलं, पुन्हा वाकल्या, पुन्हा हसल्या. बाईही हसत होत्या. जाणारे ट्रकवाले वेग कमी करून बघत होते, दोन म्हाताऱ्या घाटाच्या कठड्याला धरून कशाला लोळताहेत म्हणून.

"पुढं यायचं की परत?" बाईंनी विचारलं.

"पुढं," हमिदाबी तोंड पुसत म्हणाल्या. "परत गेले तरी तेवढीच वळणं."

धाराशिवला पोचायला त्यांना दोन तास लागले. चार वेळा थांबावं लागलं. थोरल्या बहिणीनं दार उघडलं, पायरीवरच्या हमिदाबींकडं एकटक पाहिलं, आणि आधी पाठीत एक धपाटा घातला. "ग्यारा साल!" ती ओरडली. "ग्यारा साल लगे तेरेकू!" मग दोघी तिथंच उंबऱ्यावर एकमेकींच्या गळ्यात पडल्या. वीरप्पा पिशवी घेऊन अवघडून उभे राहिले.

बाई अजून गाडीतच होत्या, इंजिन चालू ठेवून, कारण चढावर लावलेली गाडी पुन्हा सुरू करायची त्यांना अजून खात्री नव्हती. आतून कुणीतरी चहा टाकल्याचं ओरडून सांगितलं. बाईंनी हँडब्रेक दोनदा ओढून बघितला, किल्ली फिरवली, आणि खाली उतरल्या.